पान कोणाच्या मर्जीचे?

२०१३ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने जगातले पहिले संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले. टिम बर्नर्स-ली यांनी ते तिथेच, १९९०च्या सुमारास सुरू केले होते. मात्र या कामाला लागलेल्या मंडळींच्या हाती जी प्रत होती ती १९९२ सालची निघाली. यात कोणाचा हलगर्जीपणा होता असे म्हणवत नाही. वेबचे पान दुरुस्त केले की जुने पान त्याच जागी पुसले जाते, आणि रोज बदलणाऱ्या कामचलाऊ पानाची प्रत जपून ठेवावी असे तेव्हा कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. छापील पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून पहिली आवृत्ती कोणी ग्रंथालयातून काढून घेत नाही. वेबवर मात्र नवी आवृत्ती आधीच्या आवृत्तीला गिळूनच जन्माला येते.

याच वेबविषयी कागदावर जे छापले गेले ते मात्र टिकले. १९९५ ते २००३ या काळात वेबची पाने कशी बनवावीत, का बनवावीत आणि या नव्या माध्यमाचा अर्थ काय लावावा यावर इंग्रजीत पुस्तकांचा पूर आला होता. ती जाडजूड पुस्तके आजही जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत मागच्या कपाटांत सापडतात. त्यांत छापलेले बहुतेक पत्ते आता उघडत नाहीत, मलपृष्ठाच्या आत चिकटवलेली सीडी चालवायला यंत्र मिळत नाही. पण पानांची छायाचित्रे शाबूत आहेत आणि लेखकांचे युक्तिवादही शाबूत आहेत. म्हणजे वस्तू गेली आणि तिच्यावरचे भाष्य उरले. हे उरलेले भाष्यच आरंभीच्या वेबचा मुख्य पुरावा मानायला हवे, अशी या लेखसंग्रहाची भूमिका आहे. त्याचबरोबर हा साक्षीदार तटस्थ नाही हेही धरून चालायला हवे. हे सगळे लेखन एका भांडणातल्या पक्षकारांनी केलेले आहे. पान कसे दिसावे हे कोणी ठरवायचे, बनवणाऱ्याने, वाचणाऱ्याने की मधल्या यंत्राने, हा त्या भांडणाचा विषय होता. प्रत्येक पुस्तक या तिघांपैकी कोणाची तरी बाजू घेऊन उभे आहे, आणि ती बाजू लक्षात घेतली नाही तर त्यातल्या साध्या तांत्रिक सूचनाही नीट कळत नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. जुनी पाने पाहायला इंटरनेट अर्काइव्ह आहे की! ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली हा संग्रह सुरू केला आणि २००१ पासून वेबॅक मशीनच्या रूपाने तो सर्वांना खुला आहे. त्याचे ऋण मोठे आहे. तो नसता तर या लेखसंग्रहातले निम्मे लेख लिहिताच आले नसते. पण तिथे मिळते ते जुने पान जसेच्या तसे नसते. डॅनिश अभ्यासक नील्स ब्रुगर यांनी हा मुद्दा सातत्याने मांडला आहे: संग्रहातले पान ही तुकड्यांची नव्याने केलेली जुळणी असते. मजकूर एका तारखेचा, त्यातले चित्र तीन महिन्यांनंतरचे, दुसऱ्या चित्राच्या जागी रिकामी चौकट. अशा रूपात ते पान कोणत्याही दिवशी कोणत्याही वाचकाने पाहिलेले नसण्याची शक्यता असते. १९९६च्या आधीची वर्षे तर तिथे जवळजवळ कोरी आहेत, आणि नेमकी तीच वर्षे घडणीची. शिवाय मोडेमवरून पट्ट्यापट्ट्यांनी खाली उतरत जाणारे चित्र आज क्षणात उघडते. ते पान तेव्हाच्या वाचकाला किती जड वाटत होते, त्यासाठी किती थांबावे लागत होते, हे संग्रह सांगू शकत नाही. ते तेव्हाचा लेखकच सांगतो, बहुधा कुरकुरत.

भांडणाचे बीज एचटीएमएल या खुणांच्या भाषेतच होते. मजकुराचा कोणता भाग काय आहे एवढेच ती सांगत होती: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा. तो भाग कसा दिसावा हे सांगणे तिचे काम नव्हते. यामागे सौंदर्यदृष्टीचा अभाव नव्हता, व्यवहार होता. सर्नमध्ये नाना जातींची यंत्रे होती. कुठे नुसती अक्षरे दाखवणारा टर्मिनल, कुठे नेक्स्ट संगणकाचा चित्रमय पडदा. एकच कागद सगळीकडे वाचता यायचा तर त्याच्या रूपाचा निर्णय वाचणाऱ्याच्या यंत्रावर सोडणे भाग होते. मग फेब्रुवारी १९९३मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क अँड्रीसन यांनी पानात चित्र बसवण्यासाठी नवी खूण सुचवली आणि मोझेक ब्राउझरमधून ती जगभर गेली. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्नने वेबचे तंत्र सर्वांना विनामोबदला खुले केले. १९९४च्या ऑक्टोबरात हॉटवायर्ड या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची पट्टीजाहिरात झळकली आणि वर्ष संपायच्या आत नेटस्केप ब्राउझर बाजारात आला. दोन वर्षांच्या आत प्रयोगशाळेतला कागद ही विकायची जागा झाली होती, आणि जागा विकत घेणारा ती कशी दिसते याबाबत उदासीन राहत नसतो.

त्याच ऑक्टोबर १९९४मध्ये, सर्नमध्येच काम करणारे नॉर्वेचे होकॉन व्यूम ली यांनी पानाच्या रूपासाठी स्वतंत्र भाषा सुचवली. तिचीच पुढे सीएसएस झाली. आज ती वापरणाऱ्यांना बहुधा माहीत नसते की त्या पहिल्या मसुद्यात प्रत्येक सूचनेपुढे टक्केवारी लिहायची सोय होती: शीर्षकाचे अक्षर एवढे मोठे असावे, आणि या इच्छेला इतके टक्के वजन द्यावे. लेखकाची मागणी आणि वाचकाची मागणी यांची बेरीज करून ब्राउझरने निकाल द्यावा, अशी ती कल्पना होती. टक्केवारी पुढे टिकली नाही. वाचकाला आपली शैली लावण्याची मुभा तत्त्वतः राहिली, प्रत्यक्षात ती फार थोड्यांनी वापरली. पण वेबच्या सगळ्या वाङ्मयात हे भांडण इतक्या उघडपणे, थेट आकड्यांत मांडलेले दुसरे उदाहरण मला दिसत नाही. मसुदा म्हणून फसलेली ही कल्पना, दस्तऐवज म्हणून अमूल्य आहे.

बनवणाऱ्याची बाजू सर्वांत जोरात मांडली ती डेव्हिड सीगल यांनी. 'क्रिएटिंग किलर वेब साइट्स' हे त्यांचे पुस्तक १९९६ साली आले आणि हातोहात खपले. सीगल मूळचे अक्षररचनाकार. टेक्टन हा टाइप त्यांचाच. समास, ओळींमधले अंतर, पानातली मोकळी जागा यांवर हुकमत असणे हा ज्याच्या धंद्याचा प्राण, त्याला राखाडी पार्श्वभूमीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेला मजकूर असह्य होणार हे उघड आहे. त्यांनी संकेतस्थळांच्या पिढ्या पाडल्या. पहिली पिढी नुसत्या मजकुराची, दुसरी चिन्हे आणि रंगीत पार्श्वभूमी चिकटवलेली, आणि तिसरी, म्हणजे त्यांची स्वतःची, आरंभापासून शेवटापर्यंत डिझायनरने रचलेली. या तिसऱ्या पिढीसाठी लागणारी अवजारे एचटीएमएलमध्ये नव्हतीच. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी हाताशी होते त्यातूनच ती घडवली.

त्यातले एक अवजार जवळून पाहण्यासारखे आहे. १९९५ साली नेटस्केपने आकडे तक्त्यात मांडता यावेत म्हणून टेबलाची खूण आणली होती. डिझायनरांनी त्या टेबलाच्या रेषा शून्य जाडीच्या केल्या आणि अदृश्य घरांत पानाचे स्तंभ बसवले. पण घर रिकामे राहिले तर ब्राउझर ते आवळून टाकी. मग त्यात एक पिक्सेल रुंद आणि एक पिक्सेल उंच असे पारदर्शक जिफ चित्र ठेवायचे आणि ब्राउझरला सांगायचे की याची रुंदी पंधरा धर. ब्राउझर निमूटपणे पंधरा पिक्सेल जागा सोडी. परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायची असली तरी हेच न दिसणारे चित्र तिच्या तोंडाशी बसवायचे. शिशाचे खिळे जुळवणारा कंपोझिटर कोरी पट्टी घालून अंतर राखतो, तसाच हा प्रकार. एकेका पानात अशी डझनावारी चित्रे असत. काम सुबक होई. पानाचा अर्थ आणि पानाचे रूप यांचा मात्र असा गुंता होई की पुढे दुरुस्तीला बसणारा माणूस कपाळावर हात मारून घेई. खुद्द सीगल यांनी १९९७ साली, वेबचे वाटोळे झाले आणि ते आपणच केले, अशा आशयाच्या मथळ्याचा लेख लिहिला. वर्षभरात पक्षकाराने जबानी फिरवावी हे इतर शास्त्रांत क्वचितच घडत असेल.

लिंडा वाइनमन यांचे 'डिझाइनिंग वेब ग्राफिक्स' हेही १९९६चेच. त्यांनी रूढ केलेला २१६ रंगांचा संच एका पिढीला पाठ होता. पडदे तेव्हा एका वेळी २५६च रंग दाखवत आणि मॅकिंटॉश व विंडोज यांच्यात त्यांपैकी २१६ समान होते; लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या, सहाचा घन. हा संच चित्रकाराच्या डोळ्यातून आला नव्हता, यंत्रांच्या तडजोडीतून आला होता, आणि तरीही त्या काळाची ओळख म्हणून आज त्याचीच नक्कल केली जाते. २०००च्या सुमारास नव्या पडद्यांवर चाचण्या झाल्या तेव्हा खरोखर सगळीकडे सारखे दिसणारे रंग केवळ २२ भरले. तोवर मात्र २१६च्या बाहेर पाऊल टाकणे हा कच्चेपणा समजला जात होता.

वाचणाऱ्याच्या बाजूने उभे राहिले ते याकोब नील्सन. हे डॅनिश अभियंते सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत होते. प्रत्यक्ष माणसे पानासमोर बसवून ती कुठे अडतात हे पाहायचे आणि त्यावरून नियम काढायचे, ही त्यांची पद्धत. त्यांचे 'डिझाइनिंग वेब युझॅबिलिटी' १९९९ सरता सरता आले. स्टीव्ह क्रग यांचे छोटेखानी आणि अधिक वाचनीय पुस्तक त्यापाठोपाठ २००० साली. त्याआधी १९९८ साली लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मॉरव्हिल यांनी ग्रंथपालनशास्त्रातले वर्गीकरण वेबवर आणले होते, त्याचा उल्लेख इथे एवढाच पुरे. नील्सन यांचे म्हणणे रूक्ष, पण बिनतोड: तुमच्या पानाचे कौतुक करायला कोणी येत नाही, काम उरकायला येते. ऑक्टोबर २०००मध्ये त्यांनी, पानात हलती चित्रे आणणाऱ्या फ्लॅश या तंत्राच्या वापरांपैकी ९९ टक्के वापर वाईट असल्याचे लिहिले आणि डिझायनरमंडळी खवळली. पुढे दोनच वर्षांत नील्सन यांच्या संस्थेने फ्लॅशच्या मालक मॅक्रोमीडिया कंपनीशी सहकार्य केले, हा त्यातला गमतीचा भाग. त्यांचा विजय झाला त्यात काळाचाही हात होता. मेगन सॅपनर अँकरसन यांनी 'डॉट-कॉम डिझाइन' (२०१८) या पुस्तकात त्या वर्षांतली सट्टेबाजी आणि डिझाइनची भाषा एकमेकांत कशी गुंतली होती हे उलगडून दाखवले आहे. मार्च २०००नंतर बाजार कोसळला, मे महिन्यात चकचकीत कपड्यांचे बू डॉट कॉम बुडाले, आणि साधेपणा हा एकाएकी आर्थिक सद्गुण झाला. नील्सन यांच्या नियमांत वाचकाविषयीचे प्रेम किती आणि मंदीतली काटकसर किती, हे वेगळे काढणे सोपे नाही.

तिसरा पक्ष मानकांचा. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या चढाओढीत प्रत्येक ब्राउझर आपापल्या खुणा काढी आणि बनवणाऱ्याला एकच पान दोनदा बनवावे लागे. १९९८ साली जेफ्री झेल्डमन प्रभृतींनी वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट उभा करून ब्राउझर कंपन्यांवर दबाव आणला. झेल्डमन यांचे पुस्तक २००३चे. त्याच वर्षी डेव्ह शे यांच्या सीएसएस झेन गार्डनने एकाच मजकुराला अनेक डिझायनरांनी दिलेली रूपे शेजारीशेजारी मांडली. एप्रिल २०००मध्ये सिडनीच्या जॉन ऑलसप यांनी लिहिलेला ताओ आणि वेब डिझाइन यांवरचा निबंध मला या सगळ्या वाङ्मयात सर्वांत दूरदर्शी वाटतो. कागदावरची हुकमत वेबवर मिळत नाही ही उणीव समजू नका, पानाला पडद्याप्रमाणे आकार घेऊ द्या, असा त्याचा आशय. दहा वर्षांनी ईथन मार्कॉट यांनी मोबाइलपासून मोठ्या पडद्यापर्यंत स्वतःला जुळवून घेणाऱ्या पानांची पद्धत मांडली तेव्हा त्यांनी याच निबंधाचा आधार घेतला. ऑलसप यांनी लिहिले तेव्हा आयफोन सात वर्षे दूर होता.

हे भांडण अभिरुचीचे आहे, त्याचा एवढा बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर सिडनीतलेच आहे. २०००च्या ऑलिंपिक स्पर्धांचे संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही, चित्रांना शब्दांतला पर्याय दिलेला नाही, अशी तक्रार एका अंध नागरिकाने ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे केली. निकाल त्याच्या बाजूने लागला आणि संयोजन समितीला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्राला ते एक पिक्सेलचे पारदर्शक चित्र दिसत नाही असे नाही. त्याला ते दिसते, आणि चित्राला शब्दांतला पर्याय नसेल तर ते त्याच्या फाइलीचे नाव उच्चारते. डोळस माणसाला जिथे सुंदर मोकळी जागा दिसे तिथे अंध वाचकाला निरर्थक नावांची माळ ऐकावी लागे. पानाचे रूप ठरवणारा कोण, या प्रश्नात पान कोणाला मिळणार हा प्रश्न असा दडलेला होता.

याच काळात विद्यापीठांतून नवमाध्यमांविषयीचा दुसरा प्रवाह वाहत होता, आणि आश्चर्य म्हणजे दोन्ही प्रवाह एकमेकांना क्वचितच भेटले. त्याची वंशावळ लांब आहे. व्हॅनेवर बुश यांचा १९४५चा लेख, टेड नेल्सन यांनी १९६५ साली मांडलेली हायपरटेक्स्टची कल्पना, आणि जॉर्ज लँडो यांचे १९९२चे पुस्तक, ज्यात दुव्यांनी जोडलेला मजकूर म्हणजे बार्थ आणि देरिदा या फ्रेंच विचारवंतांच्या सिद्धान्तांचे मूर्त रूप, अशी मांडणी होती. लँडो यांचा वाचक मुक्त होता, स्वतःची वाट निवडणारा. प्रत्यक्ष वेबवर त्याच सुमारास त्या वाचकाच्या हातून अक्षराचा आकारसुद्धा काढून घेतला जात होता, याची या सिद्धान्ताला खबर नव्हती. जे डेव्हिड बोल्टर आणि रिचर्ड ग्रुसिन यांनी १९९९ साली प्रत्येक नवे माध्यम जुन्या माध्यमांना पोटात घेऊनच येते हे दाखवले. लेव मानोविच यांचे 'द लँग्वेज ऑफ न्यू मीडिया' (२००१) सर्वांत महत्त्वाकांक्षी. मॉस्कोत जन्मलेल्या या अभ्यासकाने संगणकीय माध्यमाची चर्चा झिगा व्हर्टोव्हच्या १९२९ सालच्या चित्रपटापासून सुरू केली आणि कथा व माहितीसाठा यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानले. चौकट मोठी होती. पण वेबच्या एखाद्या पानाचा स्रोत उघडून ते कसे बांधले आहे हे पाहण्याचे कष्ट या परंपरेने फारसे घेतले नाहीत. उलट कारागिरांनी स्रोत सोडून दुसरे काही पाहिले नाही. त्या काळच्या अमेरिकी उत्साहाची चांगली हजेरी घेतली ती रिचर्ड बार्ब्रुक आणि अँडी कॅमेरॉन या इंग्लंडमधल्या दोघांनी, १९९५च्या 'द कॅलिफोर्नियन आयडिऑलॉजी' या निबंधात. हिप्पींचे स्वातंत्र्य आणि खुल्या बाजाराचे स्वातंत्र्य एकाच दमात कसे उच्चारले जाते, हे त्यांनी वेळीच हेरले होते.

या सर्वांनी ज्यांना गृहीतही धरले नाही ते म्हणजे हौशी लोक. जिओसिटीज या फुकट पाने बांधू देणाऱ्या संकेतस्थळावर लाखो माणसांनी आपापली पाने बांधली: चांदण्यांची पार्श्वभूमी, काम चालू असल्याची हलती पाटी, पाहुण्यांची संख्या मोजणारा काटा. व्यावसायिक पुस्तकांत या गोष्टी काय करू नये याच्या यादीत येतात. ही यादीच इतिहासकाराच्या उपयोगाची, कारण कोणीच करत नसलेल्या गोष्टीला कोणी मनाई करत नाही. या पानांकडे गांभीर्याने पाहिले ते ओल्या लिआलिना या रशियन कलावतीने. तिची स्वतःची १९९६ची कलाकृती, युद्धावरून परतलेला प्रियकर हा तिचा विषय, टिचकीगणिक पडद्याचे लहान लहान चौकोन पाडत जाते. नेटस्केपच्या फ्रेम या नव्या सोयीतून तिने दोन माणसांतला तुटत जाणारा संवाद उभा केला. २००५ सालच्या निबंधात तिने हौशी वेबची शैली ही एक स्वतंत्र लोकशैली म्हणून वाचली. याहूने ऑक्टोबर २००९मध्ये जिओसिटीज बंद केले. स्वयंसेवकांनी घाईघाईने उतरवून घेतलेल्या, एक टेराबाइटच्या आसपास भरणाऱ्या प्रतीवर ती आणि ड्रागान एस्पेनशीड पुढे काम करत राहिले.

मराठी वाचकाने या अमेरिकी-युरोपीय वादात का पडावे, हा दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ला. मराठी पाने लगोलग आली. मायबोली १९९६चे, दैनिकेही पाठोपाठ. पण देवनागरी दाखवायची कशी? लिपीचे संकेत नव्हते असे नाही. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक १९९१ साली ठरले होते, पुण्याच्या सी-डॅकचे काम त्यामागे होते, आणि जगातल्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकातला देवनागरीचा तक्ता त्याच्याच आधीच्या रूपावर बेतलेला आहे. ब्राउझरना मात्र त्यातले काही कळत नव्हते. म्हणून प्रत्येक संकेतस्थळाने आपापला फॉन्ट आणला. पानात साठवलेली असत ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीच्या आकृत्या दाखवी. वाचकाने आधी फॉन्ट उतरवून घ्यावा, अशी सूचना पानाच्या माथ्यावर असे.

इंग्रजीतल्या वादात न आलेली एक गोष्ट इथे घडली. 'किती' हा शब्द अशा पानात साठवताना आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क, मग त, मग दीर्घ वेलांटी, असा क्रम असे, कारण डावीकडून उजवीकडे डोळ्याला तसे दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने आधी क आणि मग त्याची वेलांटी. 'सूर्य'मधला रफार फॉन्टाच्या पानात य नंतर येई, युनिकोडमध्ये य च्या आधी र आणि हलन्त. म्हणजे त्या पानांत मराठी साठवलेली नव्हती, मराठीचे दिसणे तेवढे साठवलेले होते. शोध घेता येत नव्हता, अकारविल्हे लावता येत नव्हती. सीगल यांनी जे अर्धवट केले, रूपासाठी अर्थाची ओढाताण, ते आपल्याकडे नाइलाजाने पूर्णत्वाला गेले होते. इंग्रजी पानातली सगळी टेबले आणि अदृश्य चित्रे उडाली तरी मजकूर वाचता येतो. मराठी पानाचा फॉन्ट हरवला की उरतो तो रोमन अक्षरांचा आणि कंसांचा खच. वेबॅक मशीनमध्ये त्या काळची मराठी पाने उघडली तर बहुधा हाच खच समोर येतो. विंडोज २०००बरोबर युनिकोड देवनागरी नेहमीच्या संगणकावर आली, र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्ट घेऊन, आणि हळूहळू हा प्रश्न सुटला. १ मे २००३ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया हे त्याचे ठळक फळ. मानकांच्या पक्षाला आपल्या बाजूचा इतका जबर पुरावा जगात अन्यत्र मिळाला नसता. तो त्यांच्या पुस्तकांत कुठेही नाही, आणि आपणही तो नोंदवून ठेवला नाही. बापूराव नाईकांसारखा माणूस छापील देवनागरी टाइपाचा इतिहास १९७१ साली ग्रंथबद्ध करतो. पडद्यावरच्या पहिल्या दशकाला असा कोणी भेटला नाही.

उरला तिसरा आक्षेप: कालबाह्य हस्तपुस्तिका वाचून मिळणार काय? त्यांतल्या युक्त्यांपैकी आज एकही वापरायची नाही, फ्लॅशसुद्धा ३१ डिसेंबर २०२०ला अधिकृतपणे संपले. हे खरे आहे, आणि म्हणूनच आता त्या वाचायला सोप्या झाल्या आहेत. सल्ला म्हणून त्यांचा उपयोग संपल्यामुळे त्यांतली बाजू उघडी पडते. शिवाय निकाल लागलेला नाही. बनवणारा आणि वाचणारा भांडत राहिले आणि पान तिसऱ्याच्या ताब्यात गेले. आज बहुतेक लोक जे वाचतात ते कोणत्या ना कोणत्या कंपनीने ठरवलेल्या साच्यात, तिने ठरवलेल्या क्रमाने. अक्षर कोणते, रंग कोणता, आधी काय दिसावे, यांत लिहिणाऱ्याला मत नाही आणि वाचणाऱ्याला ते बदलण्याची मुभा नगण्य आहे. त्याही पुढे जाऊन आता यंत्रच पाने वाचून वाचकाला तयार उत्तर देते, म्हणजे पान माणसाच्या डोळ्यांसमोर येईलच याची खात्री उरली नाही. होकॉन ली यांच्या मसुद्यातल्या टक्केवारीत लेखक आणि वाचक असे दोनच भागीदार होते. ब्राउझर बेरीज करणारा कारकून होता. कारकुनानेच सगळे वजन स्वतःकडे घेतले तर काय, हा प्रश्न त्यात नव्हता. जुन्या वेबविषयी सध्या जो हळवेपणा दिसतो, चांदण्यांच्या पार्श्वभूमीची नक्कल करण्यापर्यंत गेलेला, त्याचे मूळ मला इथे वाटते. पण हळवेपणा भांडणाचा तपशील पुसून टाकतो, आणि त्या काळी सगळे गोडीगुलाबीने चालले होते असा भास निर्माण करतो. कागदपत्रे तसे सांगत नाहीत.

या संग्रहाचा प्रयत्न मर्यादित आहे. इथे वेबचा इतिहास नाही, वेबविषयीच्या लेखनाचे वाचन आहे. लेख कालक्रमाने लावलेले नाहीत. ज्या दोन पुस्तकांचे एकमेकांशी पटत नाही ती शेजारीशेजारी ठेवली आहेत, मग त्यांच्यात पाच वर्षांचे अंतर का असेना. कारागीर आणि सिद्धान्तकार यांना एकाच टेबलावर बसवण्याचा आग्रह जागोजागी दिसेल, आणि काही ठिकाणी तो ओढूनताणून वाटेल. खेळ, चॅट आणि संगीत यांना हात घातलेला नाही. त्यांचे वाङ्मय वेगळे आहे आणि त्याला वेगळे पुस्तक हवे. इंग्रजीबाहेरचे युरोपीय लेखनही इथे कमी पडले आहे. तांत्रिक संज्ञांचे मराठीकरण करण्याचा अट्टाहास ठेवलेला नाही. जे शब्द काम करणारी माणसे वापरतात तेच ठेवले आहेत.

मराठी वेबवरच्या विभागाची पद्धत निराळी ठेवावी लागली. बाकी सर्वत्र पुस्तकांवरून पानांकडे जाता येते. इथे पुस्तकेच नसल्यामुळे पानांपासूनच सुरुवात केली आहे. जिथे मूळ फॉन्ट उपलब्ध झाला तिथे मजकूर युनिकोडमध्ये आणून दिला आहे, आणि रूपांतरात वेलांट्या व रफार ज्या ठिकाणी हाताने बसवावे लागले त्या ठिकाणी तशी खूण केली आहे. जिथे फॉन्ट मिळाला नाही तिथे पान जसे आज उघडते तसेच छापले आहे. ते वाचता येणार नाही, तरी ते गाळू नये असे ठरले. हे फॉन्ट कोणाच्या जुन्या फ्लॉपीवर, छापखान्यातल्या एखाद्या अडगळीतल्या संगणकावर अजून असण्याचा संभव आहे, आणि पुढच्या आवृत्तीत ती पाने भरून काढता येतील.